जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर जाताना: जे दिसत नाही ते आधी शोधा

काही वर्षांपूर्वी मी कॉम्प्युटर बदलला तेव्हा सगळं काम एका दुपारीत उरकलं होतं. फोटो, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉपवरच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, नव्या मशीनवर उतरवल्या आणि जुनं मशीन फॉरमॅट करून एका नातेवाइकाच्या मुलीला अभ्यासासाठी दिलं. दोन महिन्यांनी एक जुनं पत्र शोधायला बसलो आणि लक्षात आलं, की आठ वर्षांचे ईमेल त्या जुन्या डिस्कवरच होते. सर्व्हरवर त्यांची प्रत नव्हती. त्यात माझ्या वडिलांची पत्रं होती. वडील आता नाहीत, आणि ती पत्रंही परत मिळाली नाहीत.

त्यानंतर घरातले आणि ओळखीतले बरेच कॉम्प्युटर मी हलवून दिले. दर वेळी एकच अनुभव आला. डोळ्यांसमोर असलेल्या फायली सहज हलतात. मागे राहतं ते आडबाजूला साठलेलं: मेल, सेव्ह केलेले पासवर्ड, फॉन्ट, एखाद्या प्रोग्रामच्या पोटातला डेटा. म्हणून हा लेख कॉपी कशी करायची यापेक्षा काय काय शोधायचं यावर जास्त आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आत्ता बरेच जण याच वाटेवर आहेत. दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा. घाईत हे करू नका.

आधी हे जमवा

- बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी. जुन्या मशीनवर जेवढी जागा भरली आहे त्याच्या निदान दीडपट मोठी.
- दोन्ही मशीनचे चार्जर. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून तासन्‌तासांची कॉपी लावू नका.
- तुमच्या मुख्य खात्यांचे पासवर्ड: मायक्रोसॉफ्ट, गूगल किंवा ॲपल, आणि ईमेलचा. मशीनला पाठ आहेत असं चालणार नाही, तुम्हाला माहीत हवेत.
- विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स की, किंवा त्या ज्या मेलमध्ये आल्या होत्या ते मेल.
- ज्या फोनवर ओटीपी येतात तो फोन. फोन आणि कॉम्प्युटर एकाच आठवड्यात बदलू नका. एकात शिरायला दुसरा लागतो आणि माणूस दोन्हींच्या बाहेर अडकतो.
- एक वही आणि पेन. हे मी मनापासून सांगतोय.

१. जुन्या मशीनवर बसून यादी करा

नवं मशीन खोक्यात असतानाच हे काम सुरू करा. दोन-तीन दिवस रोजचं काम करताना वही शेजारी ठेवा आणि जो प्रोग्राम उघडाल त्याचं नाव लिहा. कुठलं खातं आपोआप लॉगिन होतंय, प्रिंटर कोणता, स्कॅन केलेले कागद कुठे जाऊन पडतात, हेही लिहा. नुसतं आठवून केलेल्या यादीत निम्म्या गोष्टी सुटतात, कारण सवयीच्या वस्तू आपल्या नजरेला दिसेनाशा झालेल्या असतात.

मग फोल्डरं तपासा. विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर युजर्स नावाचं फोल्डर असतं आणि त्यात तुमच्या नावाचं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज हे सगळं तिथे सापडेल. त्याच जागी ॲपडेटा नावाचं एक लपवलेलं फोल्डर आहे. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर खूण केली की ते दिसू लागतं. ब्राउझरचे बुकमार्क, आउटलुकमधल्या सह्या, बऱ्याच प्रोग्रामांच्या सेटिंग्ज इथे असतात. आयट्यून्सने कॉम्प्युटरवर घेतलेला आयफोनचा बॅकअपही इथेच साठतो.

युजर्सच्या बाहेरही बघा. सी ड्राइव्हवर थेट बनवलेली फोल्डरं, डी ड्राइव्ह असेल तर तो, आणि ज्या प्रोग्रामांना आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरात ठेवायची सवय आहे ते. हिशेबाची, ग्रंथालयाची, दवाखान्याची जुनी सॉफ्टवेअर बहुतेक वेळा याच शेवटच्या प्रकारात मोडतात. त्यांचा डेटा हाताने उचलू नका. प्रोग्राममध्येच बॅकअपची सोय असते, ती वापरून बॅकअप फाइल बनवा आणि ती फाइल न्या.

एक सापळा इथेच सांगतो, कारण त्यात बरेच जण फसलेले मी पाहिले आहेत. वनड्राइव्ह, म्हणजे फायली इंटरनेटवर ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय, चालू असेल तर फायलीच्या नावाशेजारी कधी निळा ढग दिसतो, कधी हिरवी खूण. ढग असलेली फाइल तुमच्या डिस्कवर नाही. तिथे नुसतं नाव आहे आणि मजकूर इंटरनेटवर. नेट बंद ठेवून अशी फोल्डरं कॉपी करायला गेलात तर चुका दाखवत काम थांबतं. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळं उतरू द्या, मग पुढे जा.

२. कुलपाची किल्ली आधी हाती घ्या

अलीकडच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. हे कुलूप लावणारी विंडोजची सोय म्हणजे बिटलॉकर. त्याची रिकव्हरी की ४८ अंकांची असते आणि साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. मशीन सुरळीत चालू असताना ती खात्यातून शोधून वहीत उतरवून घ्या. उद्या हलवाहलव चालू असतानाच जुन्या मशीनचा बोर्ड गेला आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची वेळ आली, तर या ४८ अंकांशिवाय कुणीही तुमच्या फायली उघडू शकणार नाही, दुरुस्तीवालासुद्धा. मॅकवर याच कामाचं फाइलव्हॉल्ट चालू असेल तर त्याचीही की अशीच नोंदवून ठेवा.

३. मार्ग ठरवा

मॅकवरून मॅकवर जात असाल तर फार विचार करू नका. मायग्रेशन असिस्टंट वापरा. दोन्ही मशीन एकाच वायफायवर किंवा केबलने जोडलेली, दोन्ही चार्जरला. फायली, खाती, प्रोग्राम, सेटिंग्ज सगळं येतं. शक्यतो नव्या मॅकचं पहिलं सेटअप चालू असतानाच हे करा. आधी नवं खातं बनवून मग आणायला गेलात तर एकाच माणसाची दोन खाती तयार होण्याचा घोळ होतो. विंडोजवरून मॅकवर यायचं असेल तरी ॲपलचं विंडोजसाठीचं मायग्रेशन असिस्टंट आहे.

लिनक्सवाल्यांनी होम फोल्डर लपवलेल्या फायलींसकट न्यावं, म्हणजे ज्यांची नावं टिंबाने सुरू होतात त्यांच्यासकट. बहुतेक सेटिंग्ज त्यातच असतात.

विंडोजवरून विंडोजवर जाणाऱ्यांची वाट जरा लांबची आहे. पूर्वी विंडोज ईझी ट्रान्सफर नावाची सोय होती, ती विंडोज १० पासून गेली. आता विंडोज बॅकअप नावाचं ॲप आहे. ते निवडक फोल्डरं, काही सेटिंग्ज, वायफायचे पासवर्ड आणि ॲपची यादी तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवतं आणि नव्या मशीनच्या सेटअपमध्ये परत देतं. पण वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी आहे. दहा वर्षांचे फोटो त्यात मावणार नाहीत. गूगलची १५ जीबी आहे आणि तीही जीमेल आणि फोटो यांच्यात वाटली जाते. म्हणून माझा सल्ला असा: सेटिंग्जसाठी विंडोज बॅकअप चालवा, फायलींसाठी बाहेरची डिस्क. डिस्कचा आणखी एक फायदा म्हणजे हलवाहलव संपल्यावर तोच तुमचा बॅकअप होतो.

४. कॉपी करा, कट करू नका

कट-पेस्ट करताना मधेच केबल हलली तर कुठली फाइल कुठल्या बाजूला आहे हे शोधत बसावं लागतं. कॉपीत मूळ जागच्या जागी राहतं. हा नियम एकदाही मोडू नका.

डिस्कचं फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फायली मांडायची पद्धत, तपासा. जुने पेनड्राइव्ह बऱ्याचदा फॅट३२ असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. लग्नाच्या व्हिडिओची कॉपी ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून अडते आणि ड्राइव्ह तर अर्धा रिकामा दिसतो, त्याचं कारण हेच. फक्त विंडोजसाठी एनटीएफएस चांगलं. मॅक एनटीएफएस वाचतो, पण मुळात त्यावर लिहू शकत नाही. दोन्हीकडे चालायला हवं असेल तर एक्सफॅट. फॉरमॅट बदलताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून डिस्क रिकामी असतानाच हे ठरवा.

वेळेचा अंदाज असा. यूएसबी २.० पोर्टवर सेकंदाला साधारण ३० ते ४० एमबी जातात, म्हणजे २०० जीबीला दीड-दोन तास. यूएसबी ३.० पोर्ट आतून बऱ्याचदा निळं असतं. तिथे साधी हार्ड डिस्कही सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जाते आणि तेच काम अर्ध्या-पाऊण तासावर येतं. हजारो बारीक फायली असतील तर मात्र कुठल्याही पोर्टवर वेग खाली येतो. पट्टी थांबल्यासारखी वाटली तरी केबल ओढू नका.

मधेच फाइलचं नाव फार लांब आहे अशी तक्रार आली तर तिचं कारण फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर हेच असतं. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे. आतलं फोल्डर उचलून डिस्कवर थेट बाहेर कॉपी करा, काम होतं.

ॲपडेटाही बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवा. वापरात असलेल्या काही फायली कॉपी व्हायला नकार देतील, त्या सोडून द्या. पण ते फोल्डर नव्या मशीनच्या ॲपडेटावर अख्खं ओतू नका. त्याने नव्या मशीनवरचे चालू प्रोग्राम बिघडतात. ते जवळ ठेवायचं ते पुढे गरज पडली तर एखादी गोष्ट वेचून घेण्यासाठी.

कॉपी झाली की पडताळा. मूळ फोल्डर आणि नवं फोल्डर, दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि ‘साइझ’ जुळायला हवी. शेजारचा ‘साइझ ऑन डिस्क’ हा आकडा जुळला नाही तर घाबरू नका, तो डिस्कच्या फॉरमॅटप्रमाणे बदलतो. मग वेगवेगळ्या फोल्डरांतल्या दहा-पंधरा फायली प्रत्यक्ष उघडून बघा. फोटोंची क्रिएटेड तारीख आजची दिसेल. मॉडिफाइड तारीख आणि फोटोच्या आत कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख शाबूत असते.

५. नव्या मशीनवर उतरवताना

विंडोज ११ चं सेटअप मायक्रोसॉफ्ट खात्याने केलंत तर युजर्समधल्या तुमच्या फोल्डरला तुमच्या ईमेलची पहिली पाच अक्षरं नाव म्हणून मिळतात. ते नंतर बदलणं कटकटीचं आहे. काही बिघडत नाही, फक्त फोल्डर शोधताना गोंधळू नका.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सेटअपमध्येच डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वनड्राइव्हच्या आत हलवले गेलेले असू शकतात. तुम्ही १०० जीबी तिथे टाकता, ५ जीबीनंतर जागा संपल्याचे इशारे सुरू होतात, आणि वैतागून बॅकअप बंद केला की डेस्कटॉप रिकामा दिसतो. फायली गेलेल्या नसतात, त्या वनड्राइव्ह फोल्डरातल्या डेस्कटॉपमध्ये असतात. हा प्रसंग टाळायला फायली उतरवण्याआधीच वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फोल्डर बॅकअप हवा की नको ते ठरवा. आणि लक्षात घ्या, सिंक, म्हणजे सगळ्या मशीनवर फायली आपोआप सारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे. एका मशीनवर पुसलेली फाइल दुसऱ्यावरूनही जाते.

६. ब्राउझर आणि पासवर्ड

क्रोम, एज, फायरफॉक्स, कुठलाही असो, जुन्या मशीनवर खात्यात साइन इन करून सिंक चालू करा आणि नव्यावर त्याच खात्याने शिरा. बुकमार्क, पासवर्ड येतात. खातं नको असेल तर बुकमार्क एक्स्पोर्ट करून एक फाइल नेता येते. पासवर्डचीही सीएसव्ही फाइल काढता येते, पण त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. इम्पोर्ट झाल्याक्षणी ती दोन्ही मशीनवरून, डिस्कवरून आणि रिसायकल बिनमधूनही काढा.

७. ईमेल

इथे मी गमावलं, म्हणून इथे थांबून सांगतो.

मेल फक्त ब्राउझरमध्ये वाचत असाल तर हा भाग सोडा. आउटलुक, थंडरबर्ड असा प्रोग्राम वापरत असाल तर तुमचं खातं आयमॅप आहे की पॉप हे बघा. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहतो. पॉपमध्ये प्रोग्राम मेल उतरवून घेतो आणि सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरचा पुसूनही टाकतो. सेटिंग्जमध्ये शिरायचं नसेल तर साधी परीक्षा करा: फोनवर किंवा ब्राउझरमध्ये तुमचा मेल उघडा आणि सर्वांत जुन्या पत्रापर्यंत जा. प्रोग्राममध्ये २०१४ ची पत्रं दिसतात आणि ब्राउझरमध्ये फक्त गेल्या महिन्याची, तर उरलेली सगळी त्या एका डिस्कवर आहेत. पाठवलेल्या पत्रांचं फोल्डरही असंच तपासा. पॉपमध्ये आपली उत्तरं सर्व्हरवर कधी गेलेलीच नसतात.

आउटलुकमध्ये अशी पत्रं पीएसटी फाइलमध्ये असतात, साधारणपणे डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स या फोल्डरात. आउटलुक पूर्ण बंद करून ती कॉपी करा. ओएसटी नावाची फाइल न्यायची गरज नाही, ती सर्व्हरवरच्या मेलची सावली असते. विंडोज ११ सोबत येणारं नवं आउटलुक आणि ऑफिसमधलं क्लासिक आउटलुक ही दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत, पीएसटी उघडण्याचं काम क्लासिकमध्येच करा. थंडरबर्डमध्ये हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून प्रोफाइल फोल्डर उघडतं. थंडरबर्ड बंद करून ते अख्खं घेऊन जा. पत्रं, पत्ते, फिल्टर सगळं त्यात आहे.

नव्या मशीनवर जुन्यातलं जुनं पत्र उघडून, त्याची जोडलेली फाइलही उघडून बघितल्याशिवाय हे काम झालं असं म्हणू नका.

८. मराठी फॉन्ट, कीबोर्ड आणि शब्दसंग्रह

मराठीत लिहिणाऱ्यांना हा भाग इंग्रजी मार्गदर्शकांत मिळत नाही.

शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतोच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठलेली असतात, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचं रूप चढवतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर आजीच्या आठवणींच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारी पद्धत, रोमन कचरा दिसला तर जुना फॉन्ट.

अशा फायली असतील तर तीन गोष्टी करा. सी ड्राइव्हवर विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरातून ते फॉन्ट कॉपी करा. तिथे सापडले नाहीत तर ॲपडेटामधलं लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स हा रस्ता बघा, कारण एकाच युजरपुरते बसवलेले फॉन्ट तिथे जातात. दुसरं, महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ जुन्या मशीनवरच बनवून ठेवा, कारण पीडीएफ सहसा फॉन्ट सोबत घेऊन जाते. आणि सवड मिळेल तसा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे युनिकोड फॉन्टही नव्या विंडोजमध्ये सुरुवातीला नसतात. ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स बसवा, नाहीतर जुन्या डॉक्युमेंटमधली पानं सरकतात.

कीबोर्डसाठी भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट हा प्रमाणित मराठी कीबोर्ड तिथे आहेच आणि २०१९ पासून मराठी फोनेटिकही, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कीबोर्ड, विंडोजमध्येच मिळतो. गूगल इनपुट टूल्सची विंडोजवर बसवायची आवृत्ती बंद झाली आहे, त्यामुळे ज्यांचा हात त्यावर बसला आहे त्यांनी आधी फोनेटिकची सवय करून बघावी. वर्डला वर्षानुवर्षं शिकवलेले शब्द कस्टम डिक्शनरीच्या फाइलमध्ये असतात. ती ॲपडेटामधल्या रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, यूप्रूफ या फोल्डरात सापडेल. छोटीशी फाइल आहे, पण तिच्यात तुमची भाषा आहे. न्या.

९. प्रोग्राम

प्रोग्राम फाइल्स फोल्डर कॉपी करून काही चालत नाही. यादीतला प्रत्येक प्रोग्राम बनवणाऱ्याच्या अधिकृत साइटवरून नव्याने बसवा. जे दोन वर्षांत उघडलं नाही ते सोडून द्या. ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स ठरावीक मशीनपुरतं असतं, ते जुन्यावर आधी डिॲक्टिव्हेट किंवा साइन आउट करा. अडोबीच्या वैयक्तिक लायसन्सवर दोन मशीनवर साइन इन राहता येतं, पण एका वेळी वापर एकाच मशीनवर. डोंगल, म्हणजे पोर्टमध्ये लावायची लायसन्सची किल्ली, लागणारं सॉफ्टवेअर असेल तर नव्या मशीनवर तसं पोर्ट आहे का तेही पाहा.

१०. जुनं मशीन सुरूच होत नसेल तर

बऱ्याचदा डिस्क ठणठणीत असते आणि बिघाड दुसरीकडे. डिस्क काढून यूएसबीच्या डबीत बसवली की बाहेरच्या डिस्कसारखी वाचता येते. जुन्या हार्ड डिस्कला साटा जोडणी लागते. छोट्या पट्टीसारख्या एम.२ डिस्कमध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, डबी त्याप्रमाणे घ्या. फोल्डर उघडताना परवानगी नाही असं आलं तर कंटिन्यू म्हणा आणि थांबा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र ताबडतोब बंद करा. प्रत्येक प्रयत्नाने ती आणखी बिघडते, पुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

११. जुनं मशीन पुसण्याआधी

निदान एक महिना थांबा. या महिन्यात वहीतली यादी घेऊन प्रत्येक काम नव्या मशीनवर एकदा करा, वर्षातून एकदाच लागणारी कामंसुद्धा. छापून बघा, स्कॅन करून बघा, हिशेबाचा बॅकअप उघडून बघा. जुनं मशीन मागायला कुणी आलं तरी महिना होईपर्यंत देऊ नका.

महिना झाला की जुन्या मशीनवरच्या सगळ्या खात्यांतून साइन आउट व्हा. विंडोजमध्ये रिकव्हरीतल्या ‘रीसेट धिस पीसी’ मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि पुढच्या सेटिंगमध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करा, कारण नुसत्या पुसलेल्या फायली परत काढता येतात. हार्ड डिस्कवर याला काही तास लागतात. जुनं मशीन अलीकडच्या मॉडेलचा मॅक असेल तर त्यात ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ आहे. शेवटी नव्या मशीनवरून मायक्रोसॉफ्ट, गूगल किंवा ॲपल खात्यातली डिव्हाइसची यादी उघडून जुन्या मशीनचं नाव काढून टाका. बाहेरची डिस्क पुसू नका, तारीख लिहून कपाटात ठेवा.